पाण्याखालचं वजन

आश्विन लागला की धाराशिव-तुळजापूर रस्त्याच्या कडेला वेल्डिंगच्या दुकानांपुढं उसाच्या ट्रॉल्या येऊन उभ्या राहतात. कारखाने सुरू व्हायला अजून थोडा अवकाश असतो. चाकं काढून ठेवलेली, साटा एका बाजूला कलता, खाली दगडांचा नि लाकडी ओंडक्यांचा टेकू. एखादं पोरगं डोळ्यांवर गॉगल चढवून, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सांध्यांमधला गंज उडवत असतं. खाली मातीवर तपकिरी भुकटीचा थर साचतो. हवेत रेडऑक्साईडचा वास असतो.

मागच्या वर्षी अशाच एका दुकानापुढं मी तासभर उभा होतो. मिस्त्रींना विचारलं, वरून एक हात रंगाचा मारला तर भागत नाही का? त्यांनी हातातली छिन्नी चेसिसच्या आडव्या पट्टीखाली घातली आणि हलकेच उचकटली. नखाएवढा जाड पापुद्रा सुटून आला. वरून रंग अगदी चांगला होता.

“वरून कितीबी रंगवा सर, गंज आतून खातंय. आधी पार पांढरं लोखंड दिसूस्तवर उघडं करावं लागतंय. मग रंग. अन् त्ये बी त्याच दिवशी. रात्री दव पडलं की सकाळी लालच.”

मला हे ऐकून फार आनंद झाला, कारण नेमकं हेच मी काही महिने वाचत होतो, पण ट्रॉलीबद्दल नाही. शिडाच्या जुन्या होड्या विकत घेऊन त्या घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं दुरुस्त करणारी माणसं जगभर आहेत. त्यांच्या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जोखमीचा भाग म्हणजे होडीची कील. नावेच्या तळाला पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जाणारा कणा, आणि त्याला खालून जोडलेलं वजन. कोकणातले नाव बांधणारे सुतार त्या कण्याला ‘पठाण’ म्हणतात. लोखंडी कीलचा पहिला नियम आमच्या मिस्त्रींच्या तोंडून जसाच्या तसा आला होता: उघडं केलेलं लोखंड एक रात्रही तसंच ठेवायचं नाही.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा किनारा चारेकशे किलोमीटरवर. पाणी म्हणजे माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प, परंड्याकडचं सीना-कोळेगाव, नळदुर्गच्या किल्ल्यात अडवलेली बोरी. तेही पावसानं कृपा केली तर. 2025 च्या सप्टेंबरात सीना आणि तिचे ओढे पात्र सोडून गावांत शिरले, तेव्हा परंडा-भूम भागातल्या घरांच्या पत्र्यांवर बसलेल्या माणसांना काढायला रबरी होड्या आल्या. एरवी धरणांवर मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या आणि थर्माकोलचे तराफे असतात. पूर्वी नदी ओलांडायला गुळाची काहीलसुद्धा पाण्यात सोडत. या सगळ्यांचे बूड सपाट, किंवा जवळजवळ सपाट. त्यांना खाली वजनाची गरज नसते, कारण त्यांना ढकलणारं बळ वल्ह्याचं, बांबूचं किंवा इंजिनाचं असतं.

शीड चढलं की सगळं बदलतं. वारा शिडाला नुसता पुढं ढकलत नाही, आडवाही ढकलतो, आणि उंच डोलकाठीला धरून नाव उलथवायलाही बघतो. या दोन्ही गोष्टींना खालून उत्तर द्यावं लागतं. पाण्यात उभी घातलेली खोल पाटी नावेला बाजूला घसरू देत नाही. नाव किंचित तिरकी सरकायला लागली की पाणी त्या पाटीवरून पक्ष्याच्या पंखावरून वारा जावा तसं जातं आणि तिला परत रेषेवर ढकलतं. म्हणून तर शिडाची नाव वाऱ्याच्या समोर तिरकी चढू शकते. आणि दुसरं काम वजनाचं. लहानपणी जत्रेत मिळणारा बाहुला आठवा, कितीही ढकलला तरी डुलून उभा राहणारा. त्याच्या बुडात माती किंवा शिसं असतं. कीलवाल्या होडीच्या एकूण वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, असा तळाशी असतो. ओतीव लोखंड पाण्याच्या सात पटींहून थोडं जड, शिसं अकरा पटींहून जड. शिसं महाग, पण ते गंजत नाही आणि कमी जागेत जास्त वजन देतं.

हे काम आपल्या मातीतल्या हातांनी किती चांगलं केलं आहे, याची सगळ्यात मोठी गोष्ट मुंबईची आहे, आणि ती आपल्याकडं पुरेशी सांगितली जात नाही याची मला हळहळ वाटते.

1960 च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज दर्यावर्दी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरीला होता. त्यानं कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये स्वतःसाठी होडी बांधून घेतली. बत्तीस फुटांच्या जरा वर लांब, सगळी सागवानी, विल्यम ॲटकिन यांच्या ‘एरिक’ नावाच्या जुन्या आराखड्यावरून. बांधणारे मुंबईचे सुतार, अवजारं त्यांची पिढीजात: ओंडका तासायला वाकस, भोकं पाडायला दोरीनं फिरवायचा सामता. 1964 च्या अखेरीस ती पाण्यात उतरली. आखाती अरबी खलाशांच्या बोलीत आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याचं जे नाव, तेच तिला दिलं: सुहैली. बांधणीला उशीर झाल्यानं त्या हंगामाचा ईशान्येचा वारा हुकला आणि नाव मुंबईहून निघाली ती 1965 च्या डिसेंबरात.

14 जून 1968 ला नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटे निघाले. कुठंही न थांबता, कुणाचीही मदत न घेता पृथ्वीची प्रदक्षिणा, अशी ती ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत होती. नऊ जण उतरले, पुरी केली ती एकट्या सुहैलीनं. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला, ते फाल्मथला परतले. माणसानं एकट्यानं न थांबता जगाला घातलेला हा पहिला फेरा. तो घालणारी नाव मुंबईच्या सुतारांनी बांधलेली होती.

पण त्या फेऱ्याच्या सुरुवातीलाच नाव गळायला लागली होती. रोज पंप मारून पाणी उपसावं लागे. दक्षिणेकडच्या महासागरात अशी नाव नेणं म्हणजे मरणाला आमंत्रण. अटलांटिकमध्ये वारा पडल्यावर नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले आणि तळ पाहिला. डोलकाठीच्या खालच्या अंगाला, कील आणि पहिल्या फळीच्या सांध्याजवळ, सुमारे आठ फूट लांबीची फट उघडली होती. नाव लाटांवर डुलली की ती फट उघडझाप करी. म्हणजे नेमका पठाणाचा सांधा. आणि गोदी हजारो मैल मागं.

लाकडी नावेची फट बुजवायची रीत सगळीकडं सारखीच: कापसाची वात सांध्यात ठोकून बसवायची, वरून राळेचा किंवा लांबीचा लेप. पण हे काम कोरड्यात करायचं असतं. पाण्याखाली श्वास रोखून ठोकलेली वात त्यांचा हात सुटताच बाहेर यायची. मग त्यांनी युक्ती केली. दीडेक इंच रुंदीची कॅनव्हासची लांब पट्टी कापली, तिच्यावर कापसाची वात शिवून टाकली, डांबर चोपडलं आणि तांब्याचे छोटे खिळे तिच्यात आधीच खोचून ठेवले. हातोडी दोरीला बांधून पाण्यात सोडली. शार्कला उघडं गोरं अंग दिसू नये म्हणून गडद शर्ट आणि पँट घातली. एकेका श्वासात जमतील तेवढे खिळे ठोकत पट्टी सांध्यावर बसवली. मधे खरोखर शार्क आलाच. ते वर चढले, त्यानं जाण्याची वाट पाहिली, तो जाईना तेव्हा रायफलनं मारला, रक्ताच्या वासानं दुसरे येतात का ते बघत थांबले, आणि मग पुन्हा उतरून काम पुरं केलं. वरून तांब्याची पातळ पट्टी बसवली, म्हणजे पाण्याच्या ओढीनं कॅनव्हास उचकटू नये. दुसऱ्या बाजूचा सांधा असाच, नंतर कधीतरी वारा पडल्यावर.

त्या पट्टीच्या भरवशावर सुहैली केप ऑफ गुड होपच्या आणि पुढं केप हॉर्नच्या समुद्रात गेली. वाटेत एका रात्री लाटेनं ती पार आडवी झाली, केबिन जागेवरून हलली, पण तळाच्या वजनानं ती पुन्हा उभी राहिली.

मी हा प्रसंग किती वेळा वाचला असेल! कीलच्या दुरुस्तीचं याहून चांगलं वर्णन मला ठाऊक नाही, कारण त्यात सगळं आलं. दोष वरून दिसत नव्हता, पंपाच्या फेऱ्या मोजल्यावर कळला. तो तपासायला स्वतः खाली जावं लागलं. पहिली खटपट फसली, आणि दुसऱ्या वेळी हाताशी होतं त्याच सामानानं काम भागलं. घरच्या घरी नाव दुरुस्त करणाऱ्याचा अनुभव असाच असतो, शार्क सोडला तर.

सुहैलीची पुढची गोष्टही या कोरड्या जिल्ह्यातल्या माणसानं ऐकण्यासारखी आहे. 1997 मध्ये तिला मानानं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात नेलं. छताखाली, नियंत्रित हवेत, सुरक्षित. आणि तिथंच ती मरायला लागली. कोरड्या हवेत सागवानी फळ्या आकसल्या, सांधे उघडले. लाकडी नाव पाण्यात असते तेव्हा फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात, पाणीच तिला शाबूत ठेवतं. 2002 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तिथून काढून आणलं. पुढच्या मोठ्या डागडुजीत सत्तरी ओलांडलेला हा माणूस स्वतः तिच्या अंगाखांद्यावर काम करत होता, जुनाट लोखंडी जोड काढून नवे घालत होता. 2016 मध्ये ती पुन्हा पाण्यात गेली. मुंबईचं सागवान शाबूत होतं, दगा दिला तो लोखंडानं.

हेच लोखंड आजच्या जुन्या फायबरच्या होड्यांतही त्रास देतं. जुनी होडी स्वस्त मिळते, क्रेननं उचलून अंगणात घोडीवर ठेवली जाते, तेव्हा नव्या मालकाच्या डोळ्यांपुढं पहिली येते ती कील: फोड आलेली, लाल ओघळ उतरलेली, जुन्या रंगाचे थरावर थर. पुढचं काम आमच्या रस्त्याकडेच्या दुकानासारखंच, फक्त शत्रू जास्त चिवट, कारण इथं मीठ आहे. ओतीव लोखंडाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि त्यात क्षार दडून बसतात. नुसतं घासून भागत नाही. खड्ड्यापर्यंत पोचावं लागतं, वाळूचा मारा करावा लागतो, गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, पुन्हा कोरडं करावं लागतं. लोखंड राखाडी चमकायला लागलं की घड्याळ सुरू होतं. काही तासांत, दमट हवेत तर त्याहून लवकर, नारिंगी छटा धरते. त्याच्या आत दोन घटकांच्या इपॉक्सीचा पहिला हात बसलाच पाहिजे. मग आणखी हात. मग खड्ड्यांत लांबी. मग लवचीक लांब पाटीला पॉलिशपेपर लावून तिरके हात मारत सगळा आकार एकसंध करायचा. हाताचा तळवा डोळे मिटून फिरवला तर उंचवटा डोळ्यांआधी कळतो, असं हे काम केलेला प्रत्येक जण सांगतो. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर नाव एका अंगाला चांगली चालते आणि दुसऱ्या अंगाला रखडते.

शेवटचा रंग शेवाळ आणि शंख-शिंपले बसू नयेत म्हणून असतो, आणि त्यात बहुधा तांबं असतं. तांब्याचा रंग उघड्या लोखंडावर कधी लावायचा नाही. खाऱ्या पाण्यात दोन धातू भेटले की तिथं बॅटरी तयार होते आणि त्यात लोखंड झिजतं. म्हणून मधला इपॉक्सीचा थर अखंड हवा. जुना रंग खरवडतानाही जपायचं. काही दशकांपूर्वीच्या रंगांत कथिलाची जहाल संयुगं असत, आंतरराष्ट्रीय कराराची त्यांवरची बंदी 2008 मध्ये अमलात आली. म्हणून कोरडं घासायचं नाही, ओलं घासायचं, तोंडाला चांगला मास्क लावायचा, भुकटी गोळा करायची. आमच्या दुकानातल्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल होता. मी मिस्त्रींना तसं म्हणालो. पोरगं हसलं, पण पुढच्या खेपेला मी मास्कचं पाकीट घेऊन गेलो तेव्हा त्यानं लावला.

इथपर्यंतचं काम कष्टाचं आहे, जीवघेणं नाही. जीवघेणी गोष्ट वर आहे, कील आणि होडीच्या सांध्यात. टनावारी वजन काही बोल्टांवर लटकत असतं. ते बोल्ट होडीच्या आतून नटांनी आवळलेले. नट चकचकीत दिसतात, खालचा भाग दिसत नाही. आणि स्टेनलेस स्टीलची एक खोड आहे. त्याच्यावरचं न दिसणारं संरक्षक कवच टिकायला ऑक्सिजन लागतो. सांध्यात ओल शिरली आणि हवा मात्र नाही, की तेच स्टील आतल्या आत कुरतडलं जातं. दोन्ही टोकं ठणठणीत आणि मधे बोल्ट बारीक झालेला, असं घडतं. म्हणून जाणते लोक सांध्याच्या पुढच्या टोकाला पडलेली हसऱ्या ओठांसारखी चीर शोधतात, कीलच्या टोकाला धरून हलवून बघतात, आणि शंका आली तर एक बोल्ट बाहेर काढूनच पाहतात. नाव पूर्वी कधी खडकाला टेकली होती का, हा विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न.

तो का विचारायचा, ते 2014 च्या मे महिन्यानं दाखवलं. ‘चीकी रफिकी’ नावाची चाळीस फुटी होडी चार ब्रिटिश खलाशांसह कॅरिबियनमधल्या अँटिगाहून साउदॅम्पटनला परतत होती. अटलांटिकमध्ये आत पाणी येतंय असा निरोप आला, मग संपर्क तुटला. उलटी तरंगणारी होडी अमेरिकी नौदलाला सापडली, तिला कील नव्हती. जीवरक्षक तराफा जागच्या जागी होता, तो उघडायलाही वेळ मिळाला नसावा. चौघे सापडलेच नाहीत. ब्रिटनच्या अपघात तपासणाऱ्या संस्थेनं नोंदवलं की नाव पूर्वी तळाला टेकल्याच्या घटना आणि नंतरच्या दुरुस्त्या यांनी सांधा कमजोर झालेला असू शकतो. वरून ती नाव धडधाकट दिसत होती.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी जहाजबांधे कीलचा पाया घालताना तिच्यात रुप्याचा खिळा ठोकत. तसा विधी झालेलं ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज 1817 मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये, डागडुजी होऊन, तरंगत उभं आहे. चीकी रफिकीबद्दल वाचल्यापासून मला तो रुप्याचा खिळा नुसता विधी वाटत नाही. पुढं कुणाला दिसणार नाही त्या जागेवर त्या दिवशी सगळ्यांची नजर जावी, याची ती सोय होती.

आणि एक माणूस आठवतो, ज्यानं कोरड्या गावात बसून समुद्राचं स्वप्न पाहिलं. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. 1971 च्या युद्धात ‘कामोर्ता’ युद्धनौकेचं नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहायला गेले. आमच्यासारखाच अवर्षणाचा मुलूख. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या शिडाच्या नावेतून एकट्यानं जगाला फेरी घालावी, हा त्यांचा ध्यास. त्यातून गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे त्या बांधणीपाशी उभे राहिले. त्याआधी 2006 मध्ये ते इंग्लंडला जाऊन खुद्द नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली काम शिकून आले होते. कुलाब्याच्या सुतारांनी ज्याची नाव बांधली, त्याच्याकडून ती विद्या अशी परत आली. 19 ऑगस्ट 2009 ला दोंदे मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 ला प्रदक्षिणा पुरी करून परतले.

गोव्यातच पुढं सुहैलीची प्रतिकृती बांधली: ‘थुरिया’. ती घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया उलटली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण नाव पाण्याखालून पुरी फिरून पुन्हा सरळ झाली. तळाचं वजन आपल्या जागी होतं. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं, तोवर मोडक्या पाठीचा तो माणूस त्या सरळ उभ्या नावेत पडून होता. आवटी त्यानंतर सहाच आठवड्यांत, 3 नोव्हेंबर 2018 ला गेले.

आमच्या तेरला तेरणाकाठी उभं राहिलं की हा विषय मला परका वाटत नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वहीत तगर गावाचं नाव आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तिथलं कापड, मलमल गाड्यांतून अवघड रस्त्यानं भडोचच्या बंदरात जातं. 1901 मध्ये अभ्यासक फ्लीट यांनी ते तगर म्हणजे आपलं तेर, हे दाखवलं. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातली हस्तिदंती बाई पाँपेईला सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभते. त्या गाड्यांना आख होता, गाड्या संपल्या तिथं नावांचे पठाण सुरू होत होते. सातवाहनांच्या काही शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज कोरलेलं आहे. पुढं जगभरच्या नावांच्या तळाशी गेलं तेच शिसं.

दुसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा मिस्त्रींना मी सुहैलीची गोष्ट सांगितली. त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवून सगळी ऐकली. शार्कचं त्यांना काही विशेष वाटलं नाही.

“पर सर, पाण्यात हातोडी चालत न्हाई की. मारायला गेलं तर पाणीच धरतंय हात. खिळं आत कसं गेलं?”

मी सांगितलं, खिळे आधीच पट्टीत खोचून ठेवले होते, आणि हात न उगारता जवळून ठोकले असणार. त्यांनी हवेतच दोन-तीन वेळा मनगट हलवून पाहिलं, कोपर अंगाशी धरून. मान हलवली. मग वर पाहिलं. ऊन कलायला लागलं होतं, दव पडायला फार वेळ नव्हता. चेसिसची एक बाजू अजून उघडी होती. त्यांनी ब्रश उचलला.